निळ्या पेनाची दुरुस्ती

रविवार, रात्री साडेदहा

सकाळी आठलाच घर सोडलं. न्यू जर्सीतल्या एडिसनहून अर्ध्या तासावर एका फायर कंपनीच्या, म्हणजे अग्निशमन दलाच्या, हॉलमध्ये महिन्यातून एकदा बेसबॉल कार्डांचा शो भरतो. पाकिटात मोजून चाळीस डॉलर होते, सगळे सुटे, एकेकच्या आणि पाचपाचच्या नोटा. रोख हातात असली की भाव तोंडी ठरतो. आणि चाळीस संपले की निघायचं, हे मी पहिल्यापासून पाळत आलेय.

दाराजवळच्या काचेच्या पेट्यांपाशी मी थांबत नाही. तिथली कार्डं जाड प्लास्टिकमध्ये सीलबंद, वर दहापैकी किती गुण मिळाले त्याची चिठ्ठी. आज एका पेटीत १९६८ चं नोलन रायनचं पहिलं कार्ड होतं, त्याची किंमत वाचूनच पुढे झाले. टॉप्स या कार्डं छापणाऱ्या कंपनीच्या १९५२ च्या मालिकेतलं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. आणि त्याच मालिकेची न खपलेली खोकी कंपनीने १९६० च्या सुमारास अटलांटिकमध्ये बुडवली होती, कारण गोदामात जागा हवी होती. ही गोष्ट कितीदा ऐकली तरी पोटात कालवतं.

माझी जागा मागच्या भिंतीलगत. पुठ्ठ्याचे लांब खोके, आत वर्षवार उभी लावलेली कार्डं. वर्ष आता कडेवरूनच ओळखू येतं. १९६२ ची चौकट लाकडाच्या फळीसारखी, १९६८ ची गोणपाटासारखी, १९७१ ची काळी. ती काळी कड जरा घासली की आतला पांढरा पुठ्ठा दिसतो, म्हणून चांगल्या स्थितीतलं १९७१ महाग आणि घासलेलं दोन-तीन डॉलरला. मला घासलेलंच आवडतं. रबरबँडने कडेला पडलेली खाच, मागच्या बाजूला च्युइंगगमचा मेणकट डाग, टाचणीचं भोक. म्हणजे कुणीतरी ते खिशात घेऊन हिंडलंय, भिंतीवर लावलंय, शाळेत अदलाबदल केलीय. सातारला दादा आणि मी बिग फनच्या गमसोबत मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रं अशीच कंपासपेटीत कोंबायचो.

एकच खोट मी चालवून घेत नाही, ती म्हणजे नवं दिसावं म्हणून कडा कातरलेलं कार्ड. तीन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून घेतलेल्या कार्डाचे कोपरे इतके टोकदार होते की मी हरखून गेले. घरी येऊन मोजलं तर रुंदी भरेना. तेव्हापासून त्याच वर्षाचं एखादं साधं कार्ड बरोबर नेते आणि नवं त्याच्यावर ठेवून बघते. १९५७ पासूनचं टॉप्स अडीच बाय साडेतीन इंच. त्याआधीची काही वर्षं कार्डं थोडी मोठी होती, तिथे ही युक्ती वेगळ्या मापाने करावी लागते.

तिसऱ्या खोक्यात १९६५ चा फ्रँक रॉबिन्सन सापडला. त्या वर्षीच्या कार्डांवर खालच्या कोपऱ्यात तिकोनी पताका असते आणि तिच्यात संघाचं नाव. या पताकेवरचं ‘रेड्स’ निळ्या बॉलपेनने खोडलेलं, वर बारीक अक्षरात ‘ओरिओल्स’. ‘एल’ आधी राहिलेला, मग मधे घुसवलेला. डिसेंबर १९६५ मध्ये सिनसिनाटी रेड्सनी रॉबिन्सनला बाल्टिमोर ओरिओल्सना देऊन टाकलं. हे कार्ड ज्या मुलाचं होतं त्याने बातमी ऐकली असणार आणि पेन काढलं असणार. पुढच्याच हंगामात रॉबिन्सनने फलंदाजीची तिहेरी बाजी मारली (सरासरी, होमरन आणि संघाला मिळवून दिलेल्या धावा, तिन्हींत लीगमध्ये पहिला) आणि ओरिओल्सनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकली. मुलगा त्या वेळी हेच कार्ड हातात घेऊन बसला असेल असं मला राहून राहून वाटतंय. विक्रेते आजोबा म्हणाले, “पेन लागलंय, सहा द्या.” मी घासाघीस केलीच नाही.

त्याच आजोबांच्या खोक्यात पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा क्लेमेंते होता. १९६८, क्रमांक १५०. मधोमध आडवी घडी, वर एक भोक. पंचवीस म्हणत होते, अठराला दिलं. पाठीवर १९६७ ची फलंदाजीची सरासरी .३५७, त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये सगळ्यांत वरची. आणि समोर नाव काय, तर ‘बॉब क्लेमेंते’. प्वेर्तो रिकोचा माणूस, नाव रोबेर्तो, आणि ‘बॉब’ त्याला नको होतं. तरी वर्षानुवर्षं कार्डावर बॉबच. वार्ताहर त्याचे इंग्रजी उच्चार जसेच्या तसे छापून त्याला हिणवायचे, त्याचाही त्याला संताप यायचा. ३० सप्टेंबर १९७२ ला त्याने तीन हजारावी हिट मारली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं विमान समुद्रात कोसळलं, त्यात तो गेला. १९७३ चं कार्ड माझ्याकडे आधीपासून आहे. त्यावर ‘रोबेर्तो’ आहे, पण ते बाजारात आलं तेव्हा तो नव्हता.

ऑफिसात मला एकवीस वर्षं ‘मीना’ म्हणतात. पहिल्याच आठवड्यात एकीने विचारलं, “मृणाल अवघड जातं, मीना चालेल ना?” मी हो म्हटलं. नवी होते, व्हिसा त्यांच्या हातात होता. आज खोक्यापाशी उभी असताना ते ‘हो’ घशाशी आलं.

उरलेल्या सोळांत १९६० च्या दशकातली साधी कार्डं घेतली, डॉलरला एक. फारशी कुणाला आठवत नसतील अशा खेळाडूंची. दादाला रॉबिन्सनचा फोटो पाठवला. तिकडे उशीर झालेला, तरी लगेच फोन आला. “मृणाल, पोरगं शहाणं होतं गं. चुकीचं ते खोडलं.”

आता जेवणं उरकून टेबलावर दोन्ही कार्डं शेजारी ठेवलीत. क्लेमेंतेवर पेन टेकवायचा माझा हात होणार नाही. पण प्लास्टिकच्या कव्हरवर मी नेहमी चिठ्ठी लावते, वर्ष आणि किंमत लिहून. आजची चिठ्ठी देवनागरीत लिहिली: रोबेर्तो क्लेमेंते, पायरेट्स, १९६८, अठरा डॉलर.