तुम्ही विचारलंत म्हणून: तो बटनांचा नोकिया खरंच भारी होता का?

प्रश्न एकच असतो, विचारणारे बदलतात. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मशीन शॉपमध्ये नवीन लागलेली पोरं, ड्रॉइंग घेऊन आलेले इंजिनिअर, जीएसटीचं बघणारा पोरगा, कुणीही. ड्रॉवरमध्ये माप घ्यायच्या व्हर्नियरशेजारी पडलेला निळा नोकिया ई 63 दिसला की तो उचलायचा, बटनं टकटक दाबून बघायची आणि म्हणायचं, "मालक, ह्यो फोन खरंच भारी हुता, का उगंच जुनं ते सोनं म्हणून सांगताय?"

खरंच भारी होता. पण कशात भारी आणि कशात नाही हे नीट सांगायचं तर चहा गार होतो, आणि तोवर विचारणारा त्याच्या मोबाइलात घुसलेला असतो. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी काळ लक्षात घ्या. ई 63 जाहीर झाला 2008 च्या शेवटी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयफोन भारतात आला. पहिला अँड्रॉइड फोनही त्याच वर्षी परदेशात विकायला आला, आणि त्यालासुद्धा सरकवून बाहेर काढायचा कीबोर्ड होता! म्हणजे बटनं राहणार की काच जिंकणार, हे तेव्हा भल्याभल्यांना ठाऊक नव्हतं. नोकियाचा थोरला ई 71 स्टीलच्या अंगाचा, 10 मिलिमीटर जाडीचा, साहेब लोकांच्या खिशात शोभणारा. आमच्यासारख्यांसाठी त्यांनी तीच 1500 एमएएचची बॅटरी आणि तसाच कीबोर्ड प्लॅस्टिकच्या अंगात घातला, जीपीएस काढून टाकलं, कॅमेरा 3.2 वरून 2 मेगापिक्सेलवर आणला आणि ई 63 काढला. गंमत अशी की महागाच्या ई 71 ला हेडफोनचं भोक 2.5 मिलिमीटरचं, साधा हेडफोन त्यात जायचाच नाही. आमच्या स्वस्तातल्याला नेहमीचं 3.5 चं. गरिबाला कधीकधी असंही चांगलं मिळतं.

आता बटनं. त्याआधीच्या फोनवर 'एस' लिहायचा तर 7 चं बटन चारदा दाबायचं. 'कास्टिंग मिळालं, बोअर 42 चा केला' (म्हणजे ओतीव भाग मिळाला, त्यातलं भोक 42 च्या मापाचं केलं) एवढं कळवायचं तरी अंगठा दुखायचा, म्हणून आपण फोनच करायचो. आणि फोनवर ठरलेलं माप हे धंद्यात भांडणाचं मूळ असतं. "42 म्हणालो न्हवतो, 42.5 म्हणालो" हे ज्यानं ऐकलंय त्याला विचारा. ई 63 वर प्रत्येक अक्षराला स्वतःचं बटन. अक्षरांतच आकडे बसवलेले: आर-टी-वायवर 1-2-3, खालच्या ओळीत एफ-जी-एचवर 4-5-6, त्याखाली व्ही-बी-एनवर 7-8-9 आणि शेजारी एमवर शून्य. आठवड्याभरात बोटांना पाठ होतं. पुण्याच्या गाडीत, खंबाटकी घाटात गाडी वळणं घेत असताना मी भोसरीच्या पार्टीला रेट लिहून पाठवायचो, स्क्रीनकडे न बघता. आजच्या काचेवर ते जमत नाही. काचेवर बोट कुठं पडलंय हे डोळ्यालाच बघावं लागतं.

त्यामुळे माझा धंदा तोंडी होता तो लेखी झाला. रेट लेखी, तारीख लेखी, माप लेखी. ईमेल फोनवर यायचा, त्याला तिथल्या तिथं उत्तर जायचं. माझ्या मते या फोनचं सगळ्यात मोठं काम तेच. कॅमेरा, गाणी वगैरे सगळं त्याच्या मागून.

दुसरी गोष्ट शॉपमध्ये न वावरलेल्याला पटणार नाही. कास्ट आयर्नचं मशीनिंग केलं की बर, म्हणजे कापताना निघणारा कीस, लांब सुटत नाही, काळी पूड पडते. हात कोपरापर्यंत काळे. वर कूलंट (कापताना गार ठेवायला सोडतात ते पाणी), ग्रीस. अशा हातानं टच स्क्रीन चालवून बघा. पाण्याचा थेंब पडला तरी तो भलतंच काहीतरी उघडतो, आणि हातमोजे असले तर ढिम्म हलत नाही. ई 63 ला हाताशी काही देणंघेणं नव्हतं. नखानं दाबा, पेन्सिलीनं दाबा, हातमोजा घालून दाबा. मात्र ती पूड त्यालाही सोडायची नाही. कानाच्या स्पीकरमध्ये चुंबक असतं, त्यामुळे लोखंडाचे बारीक कण जाळीवर येऊन बसायचे आणि आवाज दबायचा. जुना टूथब्रश त्यासाठीच ठेवलेला होता. टाचणीनं खरवडायला जायचं नाही, कण आत जातात.

आणि लोडशेडिंग. तेव्हा ते कसं होतं हे आजच्या पोरांना सांगून कळणार नाही. लाइट गेली की मशीन जागच्या जागी थांबायचं, शॉपमध्ये अंधार. ई 63 चा स्पेसबार दाबून धरला की कॅमेऱ्याचा फ्लॅश बॅटरीसारखा पेटून राहायचा. मेनूत शिरणं नाही. खिशात हात घालूनच स्पेसबार सापडायचा, कारण सगळ्यात लांब बटन तेच. चार्जिंग दोन दिवस आरामात जायचं, त्यामुळे टॉर्च लावताना जीव खालीवर व्हायचा नाही.

इतकं कौतुक झाल्यावर आता दुसरी बाजू.

अर्ध अंग बटनांनी घेतलं, तर स्क्रीनला उरणार काय? 2.36 इंच. त्यात पार्टीनं पाठवलेलं ड्रॉइंग उघडायचं म्हणजे शिक्षा. फाइल उघडायची बरं का, उघडत नव्हती असं नाही. पण माप दिसेल इतकं मोठं केलं की ते कुठल्या भागाचं माप आहे ते कळायचं नाही, आणि अख्खा भाग दिसेल इतकं लहान केलं की आकडे मुंग्या. शेवटी शाहूपुरीत जाऊन प्रिंट काढायची. कॅमेऱ्याचं तर बोलूच नका. फोकस ठरावीक, जवळचं काही स्पष्ट यायचं नाही. कास्टिंगमध्ये ब्लोहोल (ओतताना हवा अडकून राहिलेलं भोक) निघालं आणि ते ओतणाऱ्या फौंड्रीवाल्याला फोटो पाठवला, तर त्याला राखाडी ढगात एक काळा डाग दिसायचा. "ह्ये भोक हाय का माशी बसलीया?" असं त्यानं विचारलं, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. दोन-तीन गोष्टी एकदम उघड्या ठेवल्या की मेमरी भरल्याची तक्रार सुरू. अ‍ॅप टाकायला जावं तर सर्टिफिकेटची मुदत संपलीय म्हणून नकार; मग फोनची तारीख मागं न्यायची, अ‍ॅप टाकायचं, तारीख परत पुढं आणायची. हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे हेच करत होते.

पण या तक्रारी त्या काळातल्या बहुतेक फोनना लागू पडतील. माझी खरी तक्रार वेगळी आहे, आणि ती मला फोन वापरताना नाही, बऱ्याच नंतर सुचली.

माझ्या ई 63 वर सगळ्यात आधी कुठल्या बटनाचं अक्षर पुसलं असेल? 'ए' चं. क्यू, एक्स, झेड अजून दुकानातून आणल्यासारखी आहेत, 'ए' च्या जागी नुसता गुळगुळीत ठिपका. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला गेलं की प्रत्येक काना 'ए', प्रत्येक अकार 'ए', कुठं कुठं जोडीनं दोन. वर्षानुवर्षं मी त्या फोनवर मराठीच लिहीत होतो, पण इंग्रजी अक्षरांत. कारण बटनावर छापलेलं अक्षर एकदा छापलं की छापलं. त्यावर देवनागरी आणणार कुठून?

ती वाचायचीसुद्धा पंचाईत. माझ्या हँडसेटवर मराठी वेबसाइट उघडली की ओळीच्या ओळी चौकोन. मग कुणीतरी युक्ती सांगितली: ऑपेरा मिनी टाकायचा, पत्त्याच्या जागी ऑपेरा, पुढं दोन टिंबं, पुढं कॉन्फिग असं लिहायचं, येईल त्या यादीत पार खाली जायचं आणि अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फाँट वापरायचं 'येस' करायचं. मग मराठी दिसायची, पण अक्षरं म्हणून नाही, चित्र म्हणून. डेटा जास्त जायचा, पान सावकाश यायचं. तरी बिंदू चौकात पेपरच्या स्टॉलशेजारी उभं राहून फोनवर मराठी बातमी वाचताना त्या काळी फार ऐट वाटायची.

एसएमएसचंही तसंच. इंग्रजी अक्षरांत एका मेसेजमध्ये 160 अक्षरं बसायची, देवनागरीत 70. त्यातही काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजायची. म्हणजे कुणी हौसेनं मराठीत लिहिलंच तर पैसे दुप्पट.

याचा फटका कुणाला बसला? माझ्या आईला. आई पेपर पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत वाचणारी, पण इंग्रजी अक्षरांतली मराठी तिला कळायची नाही. मी पुण्याला पोचलो की मेसेज टाकायचो, आणि ती तो नातवाला वाचायला लावायची. तो खेळायला गेला असला तर मेसेज तसाच. पुढं टच स्क्रीनचे फोन आले, 2014 मध्ये अँड्रॉइड 5 पासून फोनच्या भाषांच्या यादीतच मराठी आली, देवनागरीचे कीबोर्ड आले. काचेवर काहीच छापलेलं नसतं, म्हणून त्यावर काहीही उमटू शकतं. मगाशी ज्या काचेला नावं ठेवली तिचं हे मोल. आता आई बोटानं गिरवून लिहिते आणि मी जेवलो का हे दिवसातून इतक्यांदा विचारते की बटनांचाच जमाना बरा होता असं क्षणभर वाटतं.

तेव्हा पोरांनो, लिहायला याच्यापेक्षा सुखाचा फोन माझ्या हातात आला नाही. पण ते सुख इंग्रजी अक्षरांपुरतं होतं. ब्लॅकबेरीवाले माझ्याशी भांडायला येतील, राजारामपुरीतले दोस्त तेव्हाही यायचे. त्यांचा कर्व्ह 8520 हाताला मऊ होता हे कबूल, पण त्यात 3जी नव्हतं आणि इंटरनेटचा प्लॅन वेगळा घ्यावा लागायचा. बीबीएमचा, म्हणजे ब्लॅकबेरीवाल्यांच्या आपसातल्या मेसेजचा, पिन मिरवण्यात त्यांचा अर्धा वेळ जायचा, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

शेवटी हमखास येणारा जोडप्रश्न: "मग आता सेकंडहँड मिळाला तर घेऊ का?"

रोजच्या वापराला नको. यात 4जी नाही, त्यामुळे जिओचं कार्ड चालणार नाही. 2जी सुरू आहे अशा कंपनीच्या कार्डावर बोलणं होईल, एसएमएस जाईल. व्हॉट्सअ‍ॅपनं या फोनांचा आधार 30 जून 2017 ला काढून घेतला. ब्राउझरची सुरक्षा इतकी जुनी की आजच्या बहुतेक वेबसाइट उघडणारच नाहीत, बँकेचं तर नावच काढू नका. शॉपमध्ये दुसरा फोन म्हणून, काळ्या हातानं उचलायला, किंवा नुसत्या हौसेला घ्यायचा असेल तर खुशाल घ्या. घेताना सगळी बटनं एकेक दाबून बघा, मधली चौकोनी कळ दोनदा. मग मागचं झाकण काढून बॅटरी सपाट टेबलावर ठेवा आणि बोटानं गोल फिरवा. भिंगरीसारखी फिरली तर ती फुगलेली आहे. ती परत फोनमध्ये घालू नका, आणि नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मागा.