पंप चालू, बोर्ड गोठलेला: वॉचडॉग कसा लावावा

इंदुरात बऱ्याच वस्त्यांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. नळ आला की हौदातलं पाणी गच्चीवर चढवण्याचं काम रास्पबेरी पाय हा छोटा संगणक-बोर्ड छान करतो. पण तो मध्येच गोठला, तर रिले, म्हणजे पंपाचा इलेक्ट्रिक स्विच, चालूच राहतो. मग एकतर टाकी वाहते, नाहीतर हौद रिकामा होऊन मोटार कोरडी चालते.

पायच्या चिपमध्ये वॉचडॉग टायमर असतोच: वेळेत पुन्हा भरला नाही तर तो बोर्ड रीसेट करतो. त्याची कमाल मुदत साधारण १५ सेकंद. लिनक्समधले सगळे प्रोग्राम सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्राम म्हणजे सिस्टमडी. त्याच्या मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये 'रनटाइमवॉचडॉगसेक' १० करून रीबूट करा. सिस्टमडी दर ५ सेकंदांनी टायमर पुन्हा भरत राहतो. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अडकला की भरणं थांबतं आणि बोर्ड रीसेट होतो.

एवढ्यावर थांबू नका. पाण्याची पातळी मोजणाऱ्या सेन्सरचं उत्तर येईना म्हणून तुमचा प्रोग्राम लटकला, तरी सिस्टमडी ठणठणीत असतो आणि टायमर भरतच राहतो. म्हणून दुसरा थर हवा: प्रोग्रामच्या सर्व्हिस फाइलमध्ये 'वॉचडॉगसेक' ६० आणि 'रीस्टार्ट' ऑन-फेल्युअर ठेवा. दुसरी ओळ विसरलात तर सिस्टमडी लटकलेला प्रोग्राम मारतो, पण पुन्हा उठवत नाही.

या ६० सेकंदांच्या मुदतीसाठी प्रोग्रामने साधारण दर ३० सेकंदांनी सिस्टमडीला 'जिवंत आहे' हा संदेश पाठवायचा. तो वेगळ्या थ्रेडमधून (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या भागातून) कधीही पाठवू नका; ती मित्राने लावलेली खोटी हजेरी ठरते. पातळी वाचली, आकडा पटण्यासारखा आहे, रिलेचा निर्णय झाला, मगच संदेश.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग. चिप रीसेट झाली की पिना इनपुट होतात. ९ ते २७ जीपीआयओ क्रमांकाच्या पिना (हे क्रमांक कनेक्टरवरच्या जागेचे नव्हेत) खाली, म्हणजे लो पातळीकडे, ओढलेल्या; ० ते ८ वर, म्हणजे हायकडे. हाय सिग्नलवर चालणारं रिले मॉड्यूल ९ ते २७ पैकी एका पिनेवर घ्या आणि पिनेपासून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर लावा. बोर्ड उठेपर्यंत पंप बंदच राहील. पण नुसता प्रोग्राम मेला तर चिप रीसेट होत नाही, पिन हायच राहू शकते! त्यासाठी सर्व्हिस फाइलच्या 'एक्झेकस्टॉपपोस्ट'मध्ये रिले बंद करणारी कमांड हवीच. प्रोग्राम कसाही मेला तरी ती चालते.

चाचणी पंपाची वायर काढून करा. प्रोग्रामला जागीच गोठवणारा स्टॉप सिग्नल (SIGSTOP) दिला की दुसरा थर तपासता येतो. पहिल्या थरासाठी, म्हणजे चिपच्या वॉचडॉगसाठी, रूट होऊन सिस्टम-रिक्वेस्ट ट्रिगरमध्ये 'सी' लिहा: कर्नल कोसळतो आणि १० सेकंदांच्या आत रीसेट दिसायला हवा. जर्नलचे (सिस्टमडीच्या नोंदवहीचे) लॉग मेमरी कार्डावर कायम राहतील असं करा आणि सिंकची, म्हणजे नोंदी कार्डावर उतरवण्याची, मुदत मूळच्या ५ मिनिटांवरून ३० सेकंदांवर आणा, नाहीतर कोसळण्याआधीच्या नेमक्या त्या ओळी हरवतात.