वेळासला जायचं तर दोन रात्री काढा

पहिल्या संध्याकाळी आम्हाला वेळासच्या किनाऱ्यावर कासवाचं एकही पिल्लू दिसलं नाही. कासवमित्रांनी, म्हणजे कासवांची अंडी-पिल्लं राखणाऱ्या गावकऱ्यांनी, कुंपणाच्या आत जाऊन घरट्यांवर झाकलेली एकेक टोपली उचलली, वाकून पाहिलं आणि परत ठेवली. दोरीमागे उभ्या असलेल्यांपैकी बरेच जण त्याच रात्री परतणार होते. त्यांचे चेहरे उतरले. माझी आठ वर्षांची लेकही रडवेली झाली. तेव्हा कासवमित्रांपैकी एका दादांनी तिला जवळ बोलावून एका घरट्यावरची वाळू दाखवली. मधोमध बशीएवढा खळगा पडला होता. "बघ, वाळू बसलीय. म्हणजे आत अंडी फुटलीयत, पिल्लं वर यायला लागलीयत. उद्या सकाळी ये."

म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते: वेळासला एका दिवसात उरकायचं म्हणून जाऊ नका. दोन रात्री राहिलात तर सकाळ-संध्याकाळ मिळून तीन-चार वेळा किनाऱ्यावर जाता येतं. तरीही पिल्लं दिसतीलच असं नाही. अंडी उबायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, थंडी लांबली की आणखी उशीर होतो. निघण्याआधी मुक्कामाच्या घरी फोन करून कोणती घरटी फुटायला आलीयत ते विचारा आणि तारीख त्यावरून ठरवा. जमलं तर शनिवार-रविवार टाळा.

वेळास रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. मुंबईहून महाड-मंडणगडमार्गे येता येतं. आम्ही पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव-म्हसळ्यावरून बागमांडल्याला आलो आणि फेरीबोटीत गाडी घालून सावित्रीची खाडी ओलांडली. पलीकडे वेश्वी, मग बाणकोट, की आलंच वेळास. गावात लोक आपल्या घरांतच पाहुण्यांची सोय करतात. किनाऱ्यावर चालत जावं लागतं आणि पहाटे अंधार असतो, तेव्हा विजेरी हवी. वाळूवर पोचलात की मात्र ती बंद. फोनचा फ्लॅशही बंद. पिल्लं उजेडाच्या रोखानं चालतात, एरवी तो उजेड समुद्रावरच्या आभाळाचा असतो. आपला दिवा पाहिला की ती भलत्या दिशेला वळतात.

इथे येतात ती ऑलिव्ह रिडले कासवं. मादी रात्री वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि परत जाते. पुन्हा मागे वळून येत नाही. पूर्वी ही अंडी माणसं खणून न्यायची, उरलेली कुत्री आणि कोल्हे उकरायचे. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेनं २००२ च्या सुमारास इथे संवर्धनाचं काम सुरू केलं, २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. कधीकाळी अंडी विकली जायची त्याच गावातली माणसं आता पहाटे माग शोधत किनारा तुडवतात, अंडी अलगद काढून कुंपणातल्या खड्ड्यात पुरतात. प्रत्येक घरट्यापाशी पाटी असते, तिच्यावर तारीख आणि अंड्यांची संख्या. पिल्लं दिसली नाहीत तरी त्या पाट्या सावकाश वाचा. मला तरी त्या वाचताना या कामाचा आवाका कळला.

दुसऱ्या सकाळी ती खळगा पडलेली टोपली उचलली, तर खाली काळसर पिल्लांची गर्दी. वल्ह्यांसारखे पाय एकमेकांवर आपटत होते, डोळ्यांच्या कडांना वाळू चिकटलेली. त्यांना टोपलीतून पाण्यापासून काही अंतरावर सोडलं. तळहातात मावतील एवढी, पण वाळूवर प्रत्येकाच्या मागे नक्षी उमटत होती. एक पिल्लू कुणाच्या तरी पावलाच्या खळग्यात पडलं. चढायचं, घसरायचं, थांबायचं. माझा हात नकळत दोरीखालून पुढे गेला.

"ताई, हात नको. त्याचं त्याला चालू दे."

याच चालण्यात पिल्लू किनाऱ्याची खूण मनाशी बांधतं असं मानतात. मोठी झालेली मादी अंडी घालायला जन्मकिनाऱ्याच्याच आसपास येते. ते पिल्लू शेवटी बाहेर आलं, पण तो खळगा माणसाच्या पावलाचा होता हे मनातून जाईना. तेव्हा दोरी लावली असेल तर तिच्या मागेच थांबा, आणि पिल्लं सोडायच्या वाटेवरून आधी फिरू नका. लहान मुलांना हे घरूनच समजावून आणा. ऑलिव्ह रिडले वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पिल्लू हातात घेऊन फोटो काढणं हा गुन्हा आहे.

जानेवारी २०२२ मध्ये याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर, ती कुठे जाते ते कळावं म्हणून, उपग्रह ट्रान्समीटर बसवला होता. तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'. लेकीला हे सांगितल्यावर ती पाण्यात शिरलेल्या प्रत्येक पिल्लाला नाव ठेवत बसली.

निघताना तिनं एका पाटीवरची तारीख वहीत उतरवून घेतली. ते घरटं फुटायला अजून आठवडा होता. पुण्यात आल्यावर आठवड्यानं तिनंच मुक्कामाच्या घरी फोन लावायला लावला. तिथल्या काकू म्हणाल्या, "आज नाही गं, परवा बघू." परवा पुन्हा फोन केला. सकाळी ३८ पिल्लं गेली होती.