बंगाली वाटी

शेजारी भरित द्यायला वाटी हवी होती. आईच्या मांडणीत हात घातला, तर मागच्या रांगेतून एक अनोळखी स्टीलची वाटी निघाली. काठ जरा चेपलेला, आणि बाहेरून टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव. अक्षरं बंगाली.

"ही कुणाची गं?"

"ठेव ती. दुसरी घे."

डिसेंबरातली दुपार, भुसावळ. मी तीन आठवड्यांच्या सुटीवर आलेलो. अंगणात पऱ्हाटीच्या जाळावर बामणोदची वांगी नुकतीच भाजून झाली होती. हिरवी, पांढुरक्या रेघांची, एकेक वांगं तान्ह्या पोराएवढं. त्या धुराचा वास माझ्या स्वेटरला लागलाय. तो धुवायला टाकायचा नाही, असं मी घरात बजावून ठेवलंय. तसाच बॅगेत जाणार.

जर्मनीत, स्टुटगार्टात मिळतं ते वांगं काळंजांभळं, पॉलिश केलेल्या बुटासारखं चकचकीत. शेगडी इंडक्शनची, म्हणजे जाळाचा प्रश्नच नाही. ओव्हनमध्ये ठेवलं तर ते भाजत नाही, नुसतं घामाघूम होतं. एकदा तव्यावरच करपवायचा प्रयत्न केला, तर छतावरचा धुराचा भोंगा असा कोकलला की सगळा जिना जागा झाला. मिक्सरमधून काढलेल्या लगद्याला भरित म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही, आणि भरित ठेचायची लाकडी बडगी इथून न्यायची तर निम्मं सामान तिच्यातच संपतं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ही बातमी मी ऑफिसात सांगितली होती. का सांगितली, कोण जाणे.

ऑफिसात दुपारी बाराला 'माल्त्साइट' म्हणत सगळे जेवायला उठतात. मला कधी कुणी एक शब्द वाकडा बोललेलं नाही. फक्त माझा डबा मायक्रोवेव्हमधून बाहेर आला की कुणीतरी शांतपणे उठतं आणि खिडकी उघडतं. जानेवारीतसुद्धा. पुढे मीच ब्रेड-चीज न्यायला लागलो. नाताळच्या आधी सगळ्यांनी घरून काहीतरी आणायचं ठरलं, तेव्हा हौसेनं भरित नेलं. शेंगदाणे, कांद्याची पात, तिखट अगदी बेताचं. "इंटरेसांट," एकजण म्हणाला. दुसरीने मान डोलावून बशी भरून घेतली. संध्याकाळी पातेलं धुवायला गेलो, तर ती बशीभर भरित कचऱ्यात होतं. वर्गीकरण मात्र बिनचूक, ओल्या कचऱ्याच्याच डब्यात.

आमच्या इमारतीत जिना झाडायची आठवड्याची पाळी असते. माझी पाळी आली की शेजारी माझ्या दाराला पाटी लावून जातो. सात वर्षांत त्याने पाटी न चुकता लावली. बेल कधी वाजवली नाही.

आई दाणे परतत होती. पुन्हा विचारल्यावर म्हणाली, "अरे, क्वार्टरातल्या बंगाली काकूंची."

मग आठवलं. रेल्वे क्वार्टरात आमच्या लागून होत्या. बंगाली काकूच म्हणायचो, नाव कुणी विचारलंच नव्हतं. त्यांच्याकडे मोहरीचं तेल तापलं की आजी उठून खिडकी लावून घ्यायची. बोलायची काही नाही. आम्ही मासे खात नाही हे काकूंना ठाऊक होतं, म्हणून एकदा त्या मुद्दाम भाजी घेऊन आल्या. "सिर्फ सब्जी है, दीदी," असं आईला दोनदा म्हणाल्या. त्या गेल्यावर आजी म्हणाली, "कढई तर तीच ना." भाजी दारावर येणाऱ्या गाईपुढे गेली. वाटी राखेने घासून ठेवली. रिकामी कशी परत द्यायची, म्हणून द्यायची राहिली. राहता राहता त्यांना खडगपूरची बदली मिळाली.

त्याच्या आधी एकदा काकूंनी मला जिन्यात गाठून विचारलं होतं, "अच्छा लगा था ना?" मी आठ वर्षांचा असेन.

"बहुत अच्छा," मी म्हणालो होतो.

वाटीवर फोन धरला असता तर ते नाव वाचता आलं असतं. धरला नाही. होती तिथे, मागच्या रांगेत ठेवून दिली.

"सापडली का रे वाटी? भरित निवी राह्यलं," आईने हाक मारली.