करडईचा गुलाबी

टोकियोत कागदावरच्या चित्रांच्या जतनाचं काम करायला लागून मला तेव्हा दोन वर्षं झाली होती. वसंतातलं एदो, म्हणजे जुनं टोकियो, दाखवणारं एक छोटं प्रदर्शन होतं. त्यासाठी एका घरातून हिरोशिगे या जपानी चित्रकाराचं, लाकडी ठशांनी छापलेलं चित्र आलं. 'एदोची शंभर प्रसिद्ध दृश्यं' या मालिकेतलं, १८५६ सालचं, शिनागावातल्या गोतेनयामा टेकडीचं.

या टेकडीवर चेरीचा बहर बघायला एदोकर लोटायचे. १८५३ मध्ये अमेरिकेचा नौदल अधिकारी पेरी युद्धनौका घेऊन आला, तेव्हा घाईघाईने खाडीत तोफांचे बुरूज उभारायचं ठरलं आणि भरावाची माती याच टेकडीतून काढली. हिरोशिगेने तो खणलेला कडा लपवला नाही. उघडी माती, वर काठावर चेरीची झाडं आणि तरीही बहर बघायला आलेली लहान लहान माणसं. दुसऱ्या कुणी आठवणीतली अखंड टेकडी काढली असती. मला या मालिकेतलं हे सगळ्यात धीट चित्र वाटतं.

आमच्याकडे आलं तेव्हा त्यातली फुलं मळकट पांढरी होती. पांढरी चेरी असतेच, म्हणून मला काही खटकलं नाही. फ्रेम उघडली, सुरी सरकवून जुना माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हळूच उचलला आणि हात तिथेच थांबला. माउंटखाली झाकलेल्या कडेवर, करंगळीच्या नखाएवढ्या रुंद पट्टीत, तीच फांदी गुलाबी होती. लहान मुलाच्या तळव्यासारखी. बाकीचा सगळा बहर त्या घरातल्या खिडकीच्या उजेडाने खाल्ला होता. किती वर्षं ते खिडकीसमोर टांगलं होतं कोण जाणे. मला खरंच रडू आलं, कारण उडालेला रंग परत आणता येत नाही. भरायचा तर तो आपला रंग होतो, हिरोशिगेच्या छापणाऱ्याचा नाही.

आमच्या सरांनी दिवे मालवून पट्टीवर अतिनील टॉर्च धरला. पट्टी नारिंगी चमकली. "बेनी," ते म्हणाले. बेनी म्हणजे करडईच्या पाकळ्यांचा लाल.

मी मराठवाड्यातली. आमच्या रानात दर रब्बीला करडई असते, पण आमच्यासाठी ती तेलाची. सरांनी सगळी रीत सांगितली: पाकळ्या पाण्यात धुऊन आधी पिवळा रंग काढून टाकायचा, मग राखेच्या पाण्यात लाल उतरवायचा आणि आंबट फळाच्या रसाने तो धरायचा. एवढ्या खटाटोपाने मिळालेला रंग उजेडात मात्र टिकत नाही.

चित्र आम्ही ५० लक्सच्या मंद उजेडात चारच आठवडे लावलं. नव्या माउंटची मधली मोकळी जागा मी मुद्दाम मोठी कापली, ती गुलाबी कड दिसावी म्हणून.

त्या रात्री अण्णांना फोन केला. "अगं, त्या काट्यांत हात घालून पाकळ्या वेचणार कोण?" ते म्हणाले. मी सांगितलं, इकडे जपानच्या उत्तरेकडच्या यामागाता प्रांतातल्या बाया भल्या पहाटे वेचायच्या, दंवाने काटे मऊ असताना.

"मग बरोबर आहे," अण्णा म्हणाले. "आपणसुद्धा करडई पहाटेच काढतो की, दहिवर असेपर्यंत."