टॅब्लेटवरचा चार्ट वाचताना

इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर नियमित प्रवासी विमानांपासून थोड्या अंतरावर जी लहान जेट आणि टर्बोप्रॉप विमाने उभी असतात, त्यांच्या कॉकपिटमध्ये आता कागदी चार्टचे (विमानतळांच्या आणि मार्गांच्या नकाशांचे) जाडजूड बाइंडर क्वचितच पाहायला मिळतात. त्यांच्या जागी वैमानिक आणि सहवैमानिक या दोघांच्या बाजूला एकेक टॅब्लेट असतो, आणि त्यावरच्या ॲपमध्ये देशातल्या सगळ्या विमानतळांचे चार्ट साठवलेले असतात. अशाच चार्टर, म्हणजे मागणीनुसार भाड्याने जाणाऱ्या, विमानांवर मी काम करतो. टॅब्लेट आल्यामुळे आमचे काम सोपे झाले आणि बऱ्याच अंशी सुरक्षितही झाले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र कागद हाताळताना दोन गोष्टी आपोआप घडत असत: चार्टमध्ये नवीन काय आले हे कळत असे आणि त्याचे संपूर्ण पान नजरेखालून जात असे. टॅब्लेटवर या दोन्ही गोष्टी मुद्दाम कराव्या लागतात, आणि नव्या वैमानिकांना आपण हे पुरेशा आग्रहाने शिकवत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. १९३० च्या दशकात टपाल वाहून नेणारे अमेरिकन वैमानिक एल्री जेपेसन यांनी दहा सेंटला एक काळी वही विकत घेतली आणि ते जिथे जिथे उतरत तिथली माहिती तिच्यात टिपून ठेवू लागले. मैदानाची लांबी, त्याचा उतार, आसपासच्या अडथळ्यांची उंची आणि हवामान विचारता येईल अशा शेतकऱ्यांचे दूरध्वनी क्रमांकसुद्धा त्या वहीत असत. इतर वैमानिक प्रती मागू लागले आणि १९३४ मध्ये त्यातून एक कंपनी उभी राहिली. आजही जगभरचे वैमानिक चार्टला सर्रास ‘जेप’ म्हणतात.

कागदाची जागा टॅब्लेट घेऊ शकतो हे आधी सिद्ध झाले ते बिझनेस एव्हिएशनमध्ये, म्हणजे आमच्यासारख्या चार्टर आणि खासगी विमानांच्या क्षेत्रात, आणि या गोष्टीचा मला अभिमान वाटतो. आयपॅड बाजारात आला एप्रिल २०१० मध्ये. फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने ‘एक्झिक्युटिव्ह जेट मॅनेजमेंट’ या चार्टर कंपनीला आयपॅडवरचे चार्ट कागदाशिवाय वापरण्याची परवानगी दिली. त्याआधी त्या कंपनीच्या वैमानिकांनी महिनोन्‌महिने प्रत्यक्ष उड्डाणांत त्याची चाचणी घेतली होती, आणि ५१,००० फुटांवर केबिनमधला हवेचा दाब अचानक नाहीसा झाला तर हे यंत्र चालू राहते का, हेही तपासले होते. मोठ्या विमान कंपन्या त्यानंतर या वाटेवर आल्या. अमेरिकन एअरलाइन्सने २०१३ मध्ये आपल्या वैमानिकांच्या सुमारे १६ किलो वजनाच्या बॅगा कॉकपिटमधून हद्दपार केल्या.

या बदलाची गरज आम्हाला अधिक होती, आणि ती का हे समजून घेण्यासारखे आहे. प्रवासी कंपनीच्या वैमानिकाचे मार्ग ठरलेले असतात आणि त्याच्या पाठीशी उड्डाणांची आखणी करणारा डिस्पॅचचा एक संपूर्ण विभाग असतो. चार्टरमध्ये रात्री नऊ वाजता फोन येतो की उद्या सकाळी आधी जळगाव, तिथून शिर्डी आणि संध्याकाळपर्यंत वडोदरा. हवामान, नोटॅम (वैमानिकांसाठीच्या तातडीच्या सूचना), इंधन, पार्किंगची परवानगी आणि चार्ट या सगळ्याची जुळवाजुळव बहुतेक वेळा दोन वैमानिकच करतात. ग्वाल्हेरला जायचे असेल तर तो तळ हवाई दलाचा असल्यामुळे तिथल्या परवानग्या आणि वेळा वेगळ्या पाहाव्या लागतात. अशा वेळी हवा तो चार्ट बोटाच्या टोकाशी असणे ही सोयीपेक्षा मोठी गोष्ट आहे, कारण त्यामुळे वाचलेला वेळ हवामानाचा विचार करायला मिळतो.

आता त्या पहिल्या गोष्टीकडे, म्हणजे बदलांकडे वळतो. जगभरातली वैमानिकी माहिती २८ दिवसांच्या चक्राने बदलते. या चक्राला एआयआरएसी म्हणतात, ते नेहमी गुरुवारी सुरू होते, आणि वर्षात अशी १३, क्वचित १४ चक्रे येतात. महत्त्वाचा बदल अमलात येण्याच्या किमान ४२ दिवस आधी संबंधित देशाने तो प्रसिद्ध करावा आणि २८ दिवस आधी तो वापरणाऱ्यांच्या हाती पडावा, अशी आंतरराष्ट्रीय अपेक्षा आहे. आपल्याकडे ही माहिती विमानतळ प्राधिकरण प्रसिद्ध करते आणि चार्ट बनवणाऱ्या कंपन्या तिच्या आधारे आपापली पाने तयार करतात.

कागदाच्या काळात नव्या पानांचे पाकीट टपालाने येत असे. मग कोणीतरी टेबलावर बाइंडर उघडून जुने पान काढायचे, नवे घालायचे आणि शेवटी नोंदीच्या पानावर तारीख टाकून सही करायची. हे काम कंटाळवाणे होते, चुकीच्या जागी पान लागण्याचा धोका त्यात कायम असे, आणि ते परत यावे असे मी कधीही म्हणणार नाही. पण जुने आणि नवे पान एकाच वेळी हातात असल्यामुळे काय बदलले यावर डोळे आपसूक फिरत. ॲपमध्ये मात्र एक बटण दाबले की सारे चार्ट एकदम नवे होतात. कोपऱ्यातली तारीख हिरवी दिसते आणि मन निर्धास्त होते.

माझ्याबरोबर उडणारा एक तरुण सहवैमानिक देवासचा आहे आणि अतिशय मेहनती आहे. नव्या चक्राच्या दिवशी तो सकाळी विमानाजवळ आला आणि म्हणाला, “सर, नवीन सायकल रात्रीच डाउनलोड केली, दोन्ही टॅबवर.” मी म्हणालो, “छान केलंस. आज आपण जातोय तिथं काय बदललंय?” तो क्षणभर थांबला आणि मग आम्ही दोघांनी पंखाच्या सावलीत उभे राहून चार्ट उघडला. पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात, ‘चेंजेस’ अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे या आवृत्तीत काय बदलले ते दोन-चार शब्दांत लिहिलेले असते. त्या दिवशी मिस्ड अप्रोचची, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याची, उंची बदलली होती. जुनी उंची आम्हा दोघांनाही पाठ होती, आणि ढगात शिरल्यावर माणूस पाठ असलेलेच बोलतो. तेव्हापासून तो स्वतःच आधी ती तळाची ओळ वाचून दाखवतो.

याला जोडूनच आणखी एक बाब येते. टॅब्लेटवरचा चार्ट आणि विमानाच्या फ्लाइट मॅनेजमेंट सिस्टीममधला, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या संगणकातला, डेटाबेस या दोन स्वतंत्र वस्तू आहेत. टॅब्लेट वैमानिक अद्ययावत करतो, डेटाबेस सहसा अभियंता भरतो, आणि लहान ताफ्यात या दोघांचे वेळापत्रक जुळेलच असे नाही. त्यामुळे एक नवा आणि दुसरा जुना, अशी अवस्था एखादा दिवस राहू शकते. चार्ट आणि डेटाबेस यांच्यातली विसंगती किती महाग पडू शकते हे २० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियातल्या काली शहराजवळ दिसले. चार्टवर ‘रोझो’ या बीकनची (दिशादर्शक रेडिओ केंद्राची) खूण ‘आर’ या अक्षराने दाखवलेली होती, पण संगणकात ‘आर’ टाकल्यावर बोगोटाजवळचे ‘रोमिओ’ नावाचे दुसरेच बीकन निवडले गेले. विमान डावीकडे वळले आणि डोंगरावर आदळले. विमानातल्या १६३ जणांपैकी १५९ जणांचा मृत्यू झाला. म्हणूनच टॅब्लेटवरची आणि विमानातली, अशा दोन्ही तारखा मी इंजिन सुरू करण्यापूर्वी मोठ्याने वाचायला लावतो.

दुसरी गोष्ट संपूर्ण पान पाहण्याची. अप्रोच चार्टची, म्हणजे उतरण्याच्या मार्गाच्या पानाची, मांडणी वर्षानुवर्षांच्या अनुभवातून घडलेली आहे. वरच्या पट्टीत रेडिओच्या फ्रिक्वेन्सी, अंतिम मार्गाची दिशा, निर्णयाची उंची आणि मिस्ड अप्रोचच्या सूचना असतात. मध्ये वरून पाहिलेला नकाशा, त्याखाली बाजूने पाहिलेला उताराचा आलेख आणि तळाशी मिनिमाचा, म्हणजे उतरण्यासाठी लागणाऱ्या किमान उंची आणि दृश्यमानतेचा, तक्ता. कागदाचे पान योकवर, म्हणजे विमानाच्या सुकाणूवर, अडकवले की हे सगळे एकत्र समोर असे. टॅब्लेटवर बोटांनी चिमटा उलटा करून चित्र मोठे केले की उताराचा आलेख छान दिसतो, पण वरची पट्टी आणि खालचा तक्ता पडद्याबाहेर जातात. एखादी टीप, उदाहरणार्थ स्थानिक हवेचा दाब उपलब्ध नसेल तर मिनिमा वाढवा अशी, नेमकी त्या बाहेर गेलेल्या भागात असू शकते. डोळ्यांसमोर मोठे अक्षर असल्यामुळे आपण चार्ट नीट वाचत आहोत असे वाटते, प्रत्यक्षात आपण त्याचा एक तुकडा वाचत असतो. खिडकीच्या फटीतून रस्ता पाहून बाहेर गर्दी नाही असे ठरवण्यासारखे ते आहे. माझा आग्रह असा की ब्रीफिंग, म्हणजे उतरण्याआधीची उजळणी, संपूर्ण पान पडद्यावर ठेवूनच करावे, मग ते कितीही बारीक दिसो, आणि मोठे करणे त्यानंतर. अक्षर वाचता येत नसेल तर मोठ्या पडद्याचा टॅब्लेट घ्यावा. मालकांनी तिथे पैसे वाचवू नयेत.

टॅब्लेटने जे दिले आहे ते मी कमी लेखत नाही. विमानतळाच्या नकाशावर आपले विमान नेमके कुठे आहे हे दिसणे ही माझ्या मते त्याची सर्वात मोठी देणगी आहे. २७ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्झिंग्टन इथे पहाटेच्या अंधारात एका प्रादेशिक जेटने सुमारे ७ हजार फुटांच्या धावपट्टीऐवजी चुकून साडेतीन हजार फुटांच्या धावपट्टीवरून उड्डाणाचा प्रयत्न केला आणि ५० पैकी ४९ जण मरण पावले. तिथे टॅक्सीवेचे, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्याचे, काम चालू होते आणि वैमानिकांकडच्या चार्टवर बदललेली रचना उतरलेली नव्हती. कॉकपिटमध्ये हलता नकाशा असावा अशी शिफारस तिथल्या तपास यंत्रणेने त्यानंतर केली. अनोळखी विमानतळावर, पावसात, रात्री टॅक्सी करताना तो छोटा निळा ठिपका काय आधार देतो, हे आमच्यासारख्या रोज नव्या ठिकाणी जाणाऱ्यांना विचारावे.

तरीही तो ठिपका जीपीएसवर चालतो हे लक्षात ठेवावे लागते. केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या माहितीप्रमाणे नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, जीपीएसमध्ये व्यत्ययाच्या ४६५ घटना नोंदवल्या गेल्या. उत्तरेकडे जाताना आम्ही उड्डाणाआधीच ठरवून घेतो की टॅब्लेटवरची स्थिती आणि जमिनीवरच्या व्हीओआर-डीएमई या रेडिओ केंद्रांचे आकडे यांत फरक पडला तर टॅब्लेटवरचा ठिपका बंद करायचा आणि चार्ट फक्त चार्ट म्हणून वाचायचा.

इंदूरचा उन्हाळा हा यातला एक वेगळाच विषय आहे. ॲपलच्या माहितीपत्रकानुसार आयपॅड ० ते ३५ अंश तापमानात वापरण्यासाठी बनवलेला आहे, आणि मे महिन्यात आमच्या एप्रनवर, म्हणजे विमाने उभी करण्याच्या जागेवर, सावलीतसुद्धा पारा ४० च्या वर असतो. किंग एअर किंवा लहान सायटेशनसारख्या विमानांत एपीयू (जमिनीवर वीज आणि थंड हवा देणारे छोटे सहायक इंजिन) नसतो, त्यामुळे इंजिने बंद असताना कॉकपिट भट्टीसारखे तापते. बाजूच्या काचेवर सक्शनने चिकटवलेला टॅब्लेट अशा वेळी आधी आपला प्रकाश मंद करतो, नंतर पडदा काळा होतो आणि त्यावर तापमानाचा इशारा उरतो. पाहुणे उशिरा येणार असतील तर आम्ही टॅब्लेट काचेवरून काढून घेतो आणि सावलीत ठेवतो. दुसरा टॅब्लेट तोपर्यंत बॅगेतच, बंद. ते थेट बर्फाच्या पेटीजवळ ठेवणारेही मी पाहिले आहेत, पण बाष्प आत जाण्याचा धोका पत्करू नये. पोलराइज्ड गॉगलमधून ठरावीक कोनात पडदा जवळपास काळा दिसतो, तेव्हा वैमानिकाने गॉगलही विचार करून निवडावा. बॅटरी फुगलेला टॅब्लेट तर विमानात नेऊच नये. लिथियमची आग कॉकपिटमध्ये आवरणे फार कठीण असते.

शेवटी आपल्या भागातल्या छोट्या हवाई पट्ट्यांबद्दल, कारण तिथे ॲपचे बळ संपते. उज्जैनजवळची दताना, रतलामजवळची बंजली आणि माळवा-निमाडमधल्या अशाच इतर पट्ट्यांवर बिझनेस एव्हिएशनची विमाने आणि हेलिकॉप्टर जात असतात. अशा अनेक ठिकाणी उपकरणांच्या आधारे उतरण्याची पद्धतच आखलेली नाही, त्यामुळे टॅब्लेटवर पट्टीचे नाव आणि एक रेघ सोडून फारसे काही नसते. तिथे जाण्यापूर्वी पट्टीची देखभाल करणाऱ्यांना फोन करून पृष्ठभाग, कुंपण, गुरे, जवळचे मोबाइल टॉवर आणि विजेच्या तारा यांची विचारणा करावी लागते. मिळालेली माहिती मी एका पानावर लिहितो, त्यावर तारीख आणि माहिती देणाऱ्याचे पद टाकतो, आणि त्याची पीडीएफ दोन्ही टॅब्लेटवर त्या पट्टीच्या नावाने ठेवतो. आमच्या छोट्या कंपनीतल्या इतर वैमानिकांनीही आता हीच पद्धत धरली आहे. जो वैमानिक जाऊन येतो तो त्याच दिवशी पान दुरुस्त करतो, आणि नव्या टॉवरची किंवा खचलेल्या कडेची नोंद झाल्याशिवाय आम्ही पुढच्या उड्डाणाची कागदपत्रे पूर्ण मानत नाही.