दार लावू का?

दार लावू का, असं विचारलं समुपदेशनाच्या मॅडमनी. एवढंच. त्यावर माझा घसा दाटून आला आणि घरी येईपर्यंत स्वतःचाच राग येत राहिला. दाराचं काय एवढं! "तुम्हीच ठरवा ना," असं फटकन बोललेही. त्या हसल्या नाहीत, वहीत काही लिहिलं नाही. दार अर्धवट ठेवलं आणि म्हणाल्या, नको वाटलं तर मध्येच सांगा.

विचारतात कशाला? ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपापासून आम्हाला कुणी काय विचारलंय? म्हणजे विचारलं पुष्कळ. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी काय झालं, घरातले किती गेले, माळवदाखालून तुला कसं काढलं. चौथीतल्या पोरीला. पेपरवाले आले, फॉर्मवाले आले. मी पाठ केल्यासारखी सांगायचे. माय उठून चुलीपाशी जायची. सांगायचंय का, हे मात्र कुणी विचारलं नाही. नवं घर २५० चौरस फूट, ४५० की ७५०, तेही सातबाऱ्यावरून ठरलं. आमची जमीन हेक्टरच्या आत, म्हणून २५०. धाकट्याचं नाव तेव्हा रेशनकार्डावर... असो.

तर आज. मध्येच धडधडायला लागलं, तेव्हा मॅडम म्हणाल्या, पाय जमिनीला टेकवा, खालची जमीन घट्ट आहे, जाणवतेय का बघा. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. किल्लारीच्या बाईला सांगताय, जमिनीवर भरवसा ठेव! त्यांच्या लक्षात आलं. "चुकलंच माझं," म्हणाल्या. समोरच्या खुर्चीतून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. मग दोघी मिळून शोधायला लागलो, मला कशाचा आधार चालेल. पाठ भिंतीला? भिंत तर नकोच, दगडमातीच्या त्या भिंतींनीच तर घात केला. मग वर छताकडे बघू का, म्हटलं, आणि माझं मलाच हसू आलं. शेवटी पिशवीतली स्टीलची बाटली निघाली. दोन्ही हातांत धरली. गार. झाकणापाशी पोचा आलाय, त्यावर अंगठा फिरवत बसले. धडधड उतरली. पाणी काही प्यायले नाही.

त्या रात्रीचं आज काढायचं का, मीच विचारलं. तर म्हणाल्या, तुम्हाला वाटेल तेव्हा, नकोच वाटलं तर नको; आधी इथं निर्धास्त बसणं जमू दे. झालं, पुन्हा राग. फी भरून यायचं आणि बाटली धरून गप्प बसायचं! हे ऐकतील तर म्हणतील, बाटली घरीही होती की. ह्यांचं तरी काय चुकतं म्हणा. रात्री हे उठून कडी लावतात, मग मी उठून काढते. सतरा वर्षं झाली लग्नाला, यावर आमचं एकदाही बोलणं झालेलं नाही.

निघताना पुढच्या गुरुवारची वेळ विचारली. चारची मोकळी आहे म्हणाल्या. दुपारचीच की. तरी मी साडेपाचची घेतली. का, ते त्यांनी विचारलं नाही.